दारातला तिसरा प्रश्न: बाळाचा बाप्तिस्मा आणि त्यानंतरचं घर

मराठवाड्यातल्या आमच्या कॅथलिक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समाजात, बाळाच्या बाप्तिस्म्याआधी (पाण्याने ख्रिस्ती समाजात घ्यायच्या विधीआधी) आईबापांच्या दोन बैठका होतात. फादरांच्या मागे शाळा, बोर्डिंग आणि लांबलांबची गावं, म्हणून काही वर्षांपासून त्या बैठका माझ्याकडे आल्या. समोर वाळूजच्या कंपनीत लागलेला गावाकडचा पोरगा असतो. लग्न होऊन कॅथलिक घरात आलेली आणि मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे हे अजून शेजारणीकडे बघून ठरवणारी सून असते. कधी बदलीवर आलेलं वसईचं किंवा केरळचं जोडपं. सगळ्यांचा पहिला प्रश्न मात्र एकच, "मॅडम, तारीख कोणती मिळंल?"

तारीख मिळते हो. अडतं ते पुढे. बाप्तिस्म्याचा विधी चर्चच्या दारात सुरू होतो आणि तिथे फादर आईबापांना तीन गोष्टी विचारतात. बाळाचं नाव काय ठेवलं? ख्रिस्तसभेकडे, म्हणजे चर्चकडे, याच्यासाठी काय मागता? या दोन्हींची उत्तरं सगळ्यांना येतात. मग तिसरा प्रश्न: याला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी तुम्ही घेताय, ती काय आहे हे तुम्हाला नीट समजलंय का? लोक "होय" म्हणतात आणि फोटोवाल्याकडे बघतात. ते "होय" जरा समजून म्हणता यावं म्हणून हे लिहिते आहे. कागद, मामाचा मान, जेवणावळ हे सगळं वाटेत येईलच.

पोटात आहे तेव्हाच सांगून ठेवा

चर्चची १९८३ ची कायदेसंहिता म्हणते की बाळाचा बाप्तिस्मा जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत व्हावा आणि त्यासाठी आईबापांनी जन्म झाल्या झाल्या, जमलं तर आधीच, फादरांना गाठावं. आपल्याकडे आठवड्यांचे महिने होतात, महिन्यांचं वर्ष होतं. श्रद्धा कमी पडली म्हणून असं क्वचितच होतं. मटणाचा भाव वाढला म्हणून होतं. दोनशे पानांची जेवणावळ, मंडप, डीजे, सगळ्या पाव्हण्यांना आहेर. मग "थांबा, सोयाबीन विकू द्या". शेवटी पहिला वाढदिवस आणि बाप्तिस्मा एकाच मंडपात उरकतात, आणि फुग्यांच्या कमानीखाली बाप्तिस्मा कुठल्या कुठे हरवतो.

माझं मत विचाराल तर बाप्तिस्मा लवकर करा, चहा आणि पेढ्यावर करा. जेवण पुढे कधीही घाला. पॅरिशला द्यायचं ते ऐच्छिक दान असतं. हातात काही नसलं म्हणून बाप्तिस्मा अडत नाही.

आपल्या भागात दोन अडचणी हमखास येतात. पहिली माहेरची. पहिलं बाळंतपण माहेरी, बाळ तीन-चार महिने तिकडेच. नियमाप्रमाणे बाप्तिस्मा आईबापांच्या स्वतःच्या पॅरिशमध्ये व्हायला हवा. पण माहेरच्या चर्चमध्ये करायचा असेल तर नवऱ्याने आपल्या फादरांकडून तसं संमतीचं पत्र आणावं, एवढंच. पत्र न आणता ऐन रविवारी माहेरच्या फादरांसमोर उभे राहिलात तर ते तुम्हाला परत पाठवतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

दुसरी अडचण ऊसतोडीची. बीड-जालन्याकडची घरं दसरा-दिवाळीला कारखान्यावर जातात, परततात मार्च-एप्रिलमध्ये. तिकडे कोपीत, म्हणजे खोपटात, बाळ जन्मतं. परत येतात तेव्हा नेमका उपवासकाळ (ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीचे चाळीस दिवस) चालू असतो, आणि त्या दिवसांत बऱ्याच पॅरिश बाप्तिस्मे ठेवत नाहीत; ईस्टरच्या रात्रीसाठी राखतात. बंदी नाही, रीत आहे. म्हणून टोळी निघायच्या आधी गावच्या मास्तरांना सांगून जा की बाई अमुक महिन्यात बाळंत होणार आहे. (बाहेरून आलेल्यांसाठी: मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, धर्मशिक्षण देणारे कॅटेकिस्ट. फादर महिन्यातून एकदा गावात येतात, मास्तर रोज असतात.) ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा मिळाला तर त्याहून मोठा दिवस नाही. तो हुकला तर कुठलाही रविवार चालतो.

कागद

फार लागत नाहीत. बाळाचा जन्मदाखला, आईबापांच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला, आणि धर्मपिता-धर्ममाता (आईबापांसोबत बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारे) दुसऱ्या पॅरिशचे असतील तर त्यांच्या फादरांचं पत्र. काही ठिकाणी आईबापांचे बाप्तिस्म्याचे दाखलेही मागतात. औरंगाबाद धर्मप्रांत (एका बिशपांच्या हाताखालचा प्रदेश) १९७७ मध्ये अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला, त्यामुळे आजोबांच्या जुन्या दाखल्यावर अमरावती दिसलं तर गोंधळू नका. नोंदवही मात्र ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथेच असते.

जन्माची सरकारी नोंद २१ दिवसांत करायची, ती वेगळी. पूर्वी बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर शाळेत वय लागायचं. आमच्या पिढीत तसे बरेच आहेत. आता ते दिवस गेले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो. एक काम मात्र नक्की करा: जन्मदाखल्यावरचं नाव आणि चर्चच्या वहीतलं नाव अक्षरासकट जुळवून घ्या. एकीकडे 'जॉन', दुसरीकडे 'जोहन' झालं की वीस वर्षांनी लग्नाच्या वेळी प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं.

"आमचं लग्न कोर्टात झालंय…"

हे वाक्य बैठक संपल्यावर, सगळे गेल्यावर, चपला घालता घालता सांगितलं जातं. लपवू नका, आधीच सांगा. लग्न चर्चमध्ये झालेलं नाही, नवरा हिंदू किंवा बौद्ध आहे, आई एकटी आहे, या कारणाने बाळाला दार बंद होत नाही. नियम दोन गोष्टी बघतो: आईबापांपैकी निदान एकाची संमती, आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी खरीखुरी आशा. ती आशा अजिबातच दिसत नसेल तर फादर बाप्तिस्मा पुढे ढकलू शकतात, पण का ढकलला ते त्यांनी तुम्हाला सांगायचं असतं. ढकलणं म्हणजे नकार नाही. त्या महिन्यांत मिस्सेला यायला लागा, बोलत राहा.

मिश्र विवाह चर्चच्या परवानगीने झाला असेल तर कॅथलिक जोडीदाराने तेव्हाच वचन दिलेलं असतं की मुलांचा बाप्तिस्मा आणि कॅथलिक संगोपन यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करीन. दुसऱ्या जोडीदाराला वचन द्यावं लागत नाही, फक्त या वचनाची कल्पना द्यावी लागते. बरीच जोडपी हे विसरलेली असतात. बाळ येण्याआधी एका संध्याकाळी दोघांनी बसून ते पुन्हा बोला, सासूबाई खोलीत नसताना.

मराठवाड्यात अर्धं घर कॅथलिक आणि अर्धं प्रोटेस्टंट हेही नेहमीचं. जालन्याजवळचं बेथेल रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलं, ते प्रोटेस्टंट मिशनचं गाव. तिथल्या लेकी-सुना आमच्याकडे आहेत, आमच्या तिकडे. पाण्याने आणि त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या, नावाने झालेला त्यांचा बाप्तिस्मा चर्च खरा मानतं. मोठ्या भावाचा बाप्तिस्मा आईच्या चर्चमध्ये झाला असेल तर तो पुन्हा करायचा नसतो. आणि उलटही लक्षात ठेवा: उद्या कुणी मोठेपणीच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या सभेत सांगितलं की लहानपणीचा चालत नाही, चला नदीवर, तर जाऊ नका. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो.

हे सभेतले भाऊ आणखी एक विचारतात, "लेकराला काय कळतं? मोठं होऊन त्याचं तो ठरवील की." प्रश्न रास्त आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला; त्या घरात तान्हं होतं की नव्हतं, ते लिहिलेलं नाही. चर्च म्हणतं की कृपा देवाकडून आधी येते, आपली समज मागून. समज आल्यावर मूल दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्याची कृपा दृढ करणाऱ्या विधीच्या) वेळी स्वतःच्या तोंडाने "होय" म्हणतं. चर्चचा प्राचीन गुरू संत ऑगस्टिन, त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा मोठेपणी, ३८७ मध्ये मिलानला झाला, आणि पुढे तान्ह्यांच्या बाप्तिस्म्याची सगळ्यात ठाम बाजू त्यानेच मांडली.

धर्ममाता, धर्मपिता आणि मामा

खरी भांडणं इथे होतात. एका लेकीने मला सरळ सांगितलं, "मामाला मान नाही दिला तर माझा भाऊ परत दाराला पाय लावणार नाही." तिचा भाऊ चांगला माणूस, पण दहा वर्षांत चर्चची पायरी चढलेला नाही.

नियम असा. एक धर्मपिता किंवा एक धर्ममाता पुरे. दोन असतील तर एक पुरुष, एक बाई. वय १६ पूर्ण. कॅथलिक, ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) आणि दृढीकरण घेतलेला, आणि घेतलेल्या जबाबदारीला शोभेल असं जगणारा. बाळाचे आईबाप स्वतः होऊ शकत नाहीत. प्रोटेस्टंट मामा कॅथलिक धर्मपित्याच्या जोडीला साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो, वहीत त्याचं नाव लागतं. हिंदू किंवा बौद्ध मामाचं नाव त्या रकान्यात लागत नाही.

मग मामाचं काय? मामाला पांढरं झबलं आणायला सांगा. बाळाला दारापर्यंत मामाच आणेल असं ठरवा. जावळ मामाच्या मांडीवरच काढायचं, त्याला फादरांची कधी हरकत नसते. मान देण्याच्या जागा आपल्या समाजात इतक्या आहेत की धर्मपित्याची एक जागा श्रद्धेसाठी मोकळी ठेवता येते. त्या लेकीने तसं केलं. भाऊ आला, रुसला, मग बाळाला घेऊन पहिल्या बाकावर बसला.

धर्ममाता निवडताना एकच बघा: ती तुमच्या लेकराला महिन्यातून एकदा तरी भेटू शकेल का? दुबईतल्या काकाचा आहेर मोठा येतो. पण उद्या पोरगा चौदाव्या वर्षी मिस्सेला यायचं नाही म्हणाला तर त्याच्याशी बोलायला शेजारच्या गल्लीतली नर्सबाईच येणार.

नाव, बारसं, तीट

संताचंच नाव हवं असा आता नियम नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नाव नको, एवढंच. आनंद, करुणा, प्रकाश, आशा ही नावं कित्येक वर्षांपासून आमच्या वहीत आहेत. संताचं नाव ठेवलंत तर मात्र तो संत कोण हे तुम्हाला माहीत असू द्या, कारण पोर एक दिवस विचारणार.

बारशाला हरकत नाही. पाळणा, गाणी, घुगऱ्या सगळं करा. पाचवीला सटवाईची पूजा मांडायची का, हे मात्र सासूबाईंशी नवव्या महिन्यातच बोलून घ्या, पाचव्या दिवशी सकाळी नको. काळी तीट लावलेली फादरांना दिसते. आमचे फादर हसतात आणि गालावरच क्रूसाची खूण करतात. गळ्यातला ताईत मात्र काढायला सांगतात, आणि काढाच. ज्या दिवशी सैतानाचा त्याग केला असं आपण मोठ्याने म्हणतो, त्या दिवशी गळ्यात मांत्रिकाचा ताईत कसा शोभेल?

त्या दिवशी काय काय होतं

तान्ह्यांसाठीचा आजचा विधी १९६९ मध्ये ठरला. त्याआधीचा लहानांचा विधी मोठ्यांच्याच विधीवरून बेतलेला होता आणि बाळाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं धर्ममायबाप देत. आता प्रश्न आईबापांनाच येतात.

दारात ते तीन प्रश्न. मग फादर बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात, पाठोपाठ आईबाप आणि धर्ममायबाप करतात. अंगठ्याने, हळू, घाई न करता करा. शुभवर्तमान वाचलं जातं, संतांची नावं घेतली जातात, छातीवर तेल लावलं जातं. म्हणून झबलं पुढून उघडणारं हवं. गळ्यापर्यंत शिवलेला फ्रॉक घालून आणलात तर तिथेच टाके उसवावे लागतात. झालंय तसं.

मग बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडापाशी. तीनदा सैतानाचा आणि त्याच्या कामांचा त्याग, तीनदा श्रद्धेची कबुली. ही उत्तरं मोठ्याने द्या. ती बाळाच्या नावाने द्यायची नसून तुमची स्वतःची असतात. त्यानंतर फादर बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात आणि म्हणतात, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." यातला "मी" फार महत्त्वाचा आहे. काही देशांत "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" असं म्हणायची पद्धत पडली होती. २०२० मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की तसा बाप्तिस्मा वैध नाही आणि त्या लोकांचा पुन्हा करावा लागेल. शब्द इथे नेमके लागतात.

पाण्याचं मात्र तसं नाही. साधं, खरं पाणी हवं, बस. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं. आपल्याकडे टँकरच्या पाण्यानेही बाप्तिस्मे झालेले आहेत आणि ते तितकेच पक्के आहेत. थंडीत पाणी कोमट करून ठेवायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

मग टाळूवर क्रिझम, म्हणजे सुगंधी पवित्र तेल. हे तेल पवित्र आठवड्याच्या सुमाराला बिशप आशीर्वादित करतात आणि तिथून ते साऱ्या पॅरिशना जातं. छत्रपती संभाजीनगरच्या कॅथेड्रलमधलं तेल तुमच्या वस्तीवरच्या बाळाच्या टाळूपर्यंत येतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. त्या दिवशी ते लगेच पुसू नका. मग पांढरं वस्त्र, आणि ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती. ती बापाच्या नाहीतर धर्मपित्याच्या हातात देतात. ही मेणबत्ती जपून ठेवा, पुढे तिचं काम आहे. शेवटी प्रभूची प्रार्थना आणि आईला, बापाला, सगळ्यांना आशीर्वाद.

अर्ध्या-पाऊण तासाचं काम. बाळ रडेल, रडू द्या. फोटोवाल्याला आधीच सांगा की कुंडासमोर उभं राहायचं नाही.

दवाखान्यात वेळ आली तर

हे न लागो, पण माहीत असावं. बाळ काचेच्या पेटीत आहे, डॉक्टर मान हलवतायत, फादर साठ किलोमीटरवर. अशा वेळी बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं: बाप, आज्जी, नर्स, आणि ती नर्स ख्रिस्ती नसली तरीसुद्धा. चर्च जे करतं तेच करायचं आहे एवढा हेतू मनात हवा. डॉक्टरांना विचारून बाळाच्या डोक्यावर थोडं पाणी ओघळेल असं सोडायचं आणि वरचंच वाक्य म्हणायचं. नाव ठरलं नसेल तरी चालतं. नंतर फादरांना कळवा, वहीत नोंद होते. बाळ सुधारलं की चर्चमध्ये आणून तेल, वस्त्र, मेणबत्ती हे राहिलेलं पूर्ण करतात, पाणी पुन्हा ओतत नाहीत.

आणि बाप्तिस्म्याआधीच बाळ गेलं तर? आमच्या जुन्या बाया सांगायच्या की असं लेकरू अधांतरी राहतं. चर्चची शिकवण तशी नाही. अशा बाळांना चर्च देवाच्या दयेच्या हाती सोपवतं. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान (धर्मशास्त्र) आयोगाने याच विषयावर लिहिलेल्या निवेदनाच्या नावातच 'तारणाची आशा' आहे. आईबापांची बाप्तिस्म्याची इच्छा होती तर बिशपांच्या परवानगीने त्या बाळाचा अंत्यविधीही चर्चच्या रीतीने होऊ शकतो. ज्या आईवर ही वेळ आलीय तिला कुणी अधांतरीची गोष्ट सांगत असेल तर मध्येच थांबवा.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न

हा विषय बैठकीत कुणी मोठ्याने काढत नाही, म्हणून इथे लिहिते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही नाहीत. बाप्तिस्मा ही चर्चची नोंद असली तरी न्यायालय ती पुरावा म्हणून बघतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तान्हेपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद आणि नेमाने चर्चला जाणं लक्षात घेऊन अनुसूचित जातीचा दाखला नाकारणं योग्य ठरवलं. हा भेद अन्यायाचा आहे असं मला वाटतं, आणि त्याविरुद्धच्या याचिका वर्षानुवर्षं चालू आहेत. पण एका हाताने बाप्तिस्मा आणि दुसऱ्या हाताने शाळेत वेगळा धर्म असं केलं की त्याचं ओझं पुढे लेकराच्या डोक्यावर येतं. दोघांनी आधी ठरवा, जाणकार वकिलाशी बोला, आणि महाराष्ट्रात अशा धर्मांतरित ख्रिस्ती कुटुंबांना इतर मागासवर्गात काय मिळतं तेही विचारून घ्या.

आणि आता ते "होय"

दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो. मिस्सा महिन्यातून एकदा, चर्च तीस किलोमीटरवर, रविवारी कंपनीत ओव्हरटाइम. मग श्रद्धेत वाढवायचं कसं? जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटलं. मोठ्या शहरात ते ऐकायला गोड वाटत असेल. आपल्या वस्त्यांवर दुसरा पर्यायच नाही.

तान्ह्यापासून सुरू करा. झोपवताना कपाळावर क्रूसाची खूण, रोज. सहा-सात महिन्यांचं लेकरू ती वेळ ओळखायला लागतं, दोन वर्षांचं स्वतःचा हात कपाळाकडे नेतं. डावा-उजवा खांदा चुकतो, चुकू द्या. घरात एक जागा ठरवा, फळीवर क्रूस, मरियामातेचं चित्र, बायबल. त्या फळीवर मोबाइलचा चार्जर ठेवायचा नाही. माझ्या आज्जीच्या घरी पत्र्याच्या पेटीवर ही जागा होती आणि आम्ही पाच भावंडं तिथेच "हे आमच्या स्वर्गातील पित्या" शिकलो. कुणी शिकवल्याचं आठवत नाही, रोज कानावर पडायचं.

संध्याकाळची माळ (मणी ओढत म्हणायची मरियामातेची प्रार्थना) पूर्ण पन्नास मण्यांची लहान मुलांकडून करून घेऊ नका. एक दशक, म्हणजे दहा मणी, पुरे. मधल्या मुलाने मेणबत्ती लावायची, धाकट्याने फुंकायची, असं काम वाटून दिलं की भांडतात पण येतात. मे आणि ऑक्टोबर हे मरियामातेचे महिने, तेव्हा गल्लीतल्या चार घरांनी आळीपाळीने माळ ठेवा. जेवणाआधी दोन ओळींची प्रार्थना बापाने म्हणावी. हे मी मुद्दाम सांगते. आपल्याकडे देवाधर्माचं सगळं बायकांवर टाकायची सवय आहे, आणि पोरगा बाराव्या वर्षी बापाकडे बघून ठरवतो की हे पुरुषांचं काम आहे की नाही.

वर्षातले दिवस पोरांच्या हातांनी करून घ्या. नाताळात चांदणी आणि गोठा. उपवासकाळ सुरू होतो तो राखेचा बुधवार, ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार. उपवासकाळात मुलाने स्वतः ठरवलेली एक गोष्ट सोडायची. माझ्या भाच्याने एका वर्षी गेम सोडला आणि चाळीस दिवस सगळ्या घराला छळलं, पण टिकला. सप्टेंबरात मरियामातेच्या जन्माच्या सणाला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हरेगावच्या मतमाउलीची (मरियामातेची) यात्रा असते, मराठवाड्यातून ट्रक-टेम्पो भरून जातात. एकदा तरी न्या. आपल्यासारखे एवढे लोक आहेत हे वर्गातल्या एकट्या ख्रिस्ती पोराला डोळ्यांनी बघायला मिळतं.

कारण शाळेत तो बहुतेक एकटाच असणार. "तुमच्यात काय असतं?" असं विचारतील, कुणी चिडवेलही. त्याच्याकडे दोन साधी वाक्यं तयार असू द्या. कॉन्व्हेंटमध्ये घातलं म्हणजे धर्मशिक्षण झालं असंही समजू नका. तिथे सगळ्या धर्मांची मुलं असतात. कॅथलिक मुलांचे धर्मशिक्षणाचे तास असले तर नाव घाला, नाहीतर रविवारचा वर्ग किंवा मास्तर.

मामाकडे गणपती बसतो, आत्याकडे भीमजयंतीचा कार्यक्रम असतो. जाऊ द्या, लाडू खाऊ द्या, मोठ्यांच्या पाया पडू द्या. पूजा आपण करत नाही, आपण आपली माळ म्हणतो, हे त्याला घरात शांतपणे सांगितलेलं असलं की पुरतं. दुसऱ्यांच्या देवाची टिंगल करायला मात्र कधीच शिकवू नका. अडनिड्या वेळी काय करावं हे फादरांना विचारा. प्रत्येक घराची गोष्ट वेगळी असते.

बाप्तिस्म्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. त्या दिवशी ती जपलेली मेणबत्ती पाच मिनिटं लावायची, फोटो काढायचे, कोण धर्ममाता होती, मामा कसा रुसला होता ते सांगायचं. केक लागत नाही.

पहिल्या ख्रिस्तशरीराकडे

१९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी सातव्या वर्षाच्या आसपास, समज आली की मुलाला ख्रिस्तशरीर द्यावं असं ठरवून दिलं. आपल्याकडे वर्ग साधारण तिसरी-चौथीच्या वयात धरतात, आधी फादरांसमोर पापांची पहिली कबुली होते. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचा वर्ग बुडतो. निघताना मास्तरांकडून चिठ्ठी घ्या. अहिल्यानगरकडच्या कारखान्यांच्या आसपास कॅथलिक पॅरिश आहेत, तिथल्या वर्गात चार महिने बसवता येतं. आणि सात वर्षं उलटून गेलेल्या मुलाचा बाप्तिस्माच राहिला असेल तर घाबरू नका, पण ते मूल आता तान्ह्यात धरलं जात नाही. त्याला मोठ्यांसारखी तयारी करून घ्यावी लागते. म्हणून परत म्हणते, सोयाबीनसाठी थांबू नका.

या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला परत लागतो. जुना लॅमिनेट केलेला चालवतीलच असं नाही, नवीन उतारा मागतात, कारण पुढे दृढीकरण आणि लग्न यांच्या नोंदी त्याच वहीच्या समासात चढतात. समजा घोगरगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला असेल तर उतारा घोगरगावलाच मिळेल. जाण्याआधी फोन करा, तारीख आणि आईबापांची नावं सांगून ठेवा. रविवारी मिस्सेनंतर फादरांभोवती गर्दी असते. मधल्या वारी सकाळी जा.